एका ठाणाला दोन मालक

बीडच्या माळीवेशीबाहेर, बिंदुसरेच्या अंगाला, आश्रुबाचा तबेला होता. तीन बाजूंना मातीच्या भिंती, वर पाचटाचं छप्पर, मधे अंगण आणि अंगणाभोवती बारा घोड्यांची बारा ठाणं. ही गोष्ट फसली तेराशे बावीसच्या, म्हणजे इंग्रजी १९१२-१३च्या सुमाराची. त्या काळी ज्याचा दावा निजामाच्या अदालतीत लागला, त्याला गावाकडून घोड्यावर बसून बीडला यावं लागे, आणि एका तारखेला आलेला माणूस पुढची तारीख मिळेपर्यंत आठ-पंधरा दिवस तिथंच अडके. माणसं धर्मशाळेत नाहीतर पाहुण्यांकडे उतरत. घोडे आश्रुबाकडे उतरत.

आश्रुबा स्वतःबद्दल सांगायचा ते असं : "माझ्या तबेल्यात जनावरं तेरा. बारा बांधलेली आन् एक मोकळं. आन् अकलेचा नंबर लावला तर ते मोकळं शेवटाला येतंय."

घोड्यांच्या बाबतीत मात्र हे खरं नव्हतं. घोड्याच्या नुसत्या उभं राहण्यावरून त्याचा कोणता खूर दुखतो ते आश्रुबाला कळे. चावरा घोडासुद्धा त्याच्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटून घेई. घोटाळा व्हायचा तो घोड्याबरोबर घोड्याचा मालक यायचा म्हणून.

आश्रुबा आधी एका जागीरदाराच्या पागेत अकरा वर्षं मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, होता. तिथं दिवसभर 'जी हुजूर' म्हणता म्हणता त्याच्या जिभेला जे वळण लागलं ते लागलंच. पागा सुटली, स्वतःचा तबेला झाला, तरी कुणी काही मागितलं की डोक्यानं विचार करायच्या आत तोंडातून 'हो' बाहेर पडलेला असे. "दुसऱ्याच्या पाठीला बाक येतोय," तो म्हणायचा, "माझ्या जिभेला आला."

आणि मागणारे काय कमी होते? पाटोद्याकडच्या एका पाटलानं घोड्यासाठी नारायणगडाला नवस बोलला होता. घोड्याचं तोंड गडाकडेच पाहिजे, असं तो म्हणाला. आश्रुबा 'हो' म्हणाला. आता गड होता त्या बाजूला, आणि गव्हाण होती या बाजूला. मग नऊ दिवस घोडा गव्हाणीकडे शेपूट करून उभा राहिला आणि आश्रुबा वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन अंगणाला वळसा घालून त्याच्या तोंडापुढं नेऊन टाकत राहिला. दुसऱ्या एका गृहस्थाला संशय, की आपल्या माघारी आश्रुबा आपल्या घोड्यावर बसून गावभर मिरवतो. ते शेपटाला दोऱ्याची गाठ मारून जायचे आणि संध्याकाळी येऊन ती तपासायचे. आश्रुबानं त्यांना दोरा स्वतः आणून दिला होता.

"दोरा तुमीच दिला?" त्याची बायको केशरबाई म्हणाली.

"त्यांच्याजवळ नव्हता ना."

केशरबाई फार बोलणारी बाई नव्हती. तिनं फक्त कपाळाला हात लावला आणि हरभरा भिजत घालायला निघून गेली.

तबेल्यात एक ठाण असं होतं, की ज्यासाठी राजे लढावेत. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातलं. वर कडुनिंबाची सावली, शेजारी पाण्याचा हौद, आणि दुपारी नदीकडून येणारी वाऱ्याची झुळूक पहिली तिथंच यायची. एरवी ते ज्याला मिळेल त्याला मिळे. पण दोन गिऱ्हाइकं अशी होती, की ज्यांना ते कायमचं हवं होतं.

पहिले सुंदरराव देशमुख. तेलगावच्या बाजूचे, चुलतभावांशी ओढ्याकाठच्या जमिनीचा दावा चाललेला. उंच, कोरडे, भुवया अशा की माणूस न रागावताही रागावलेला दिसावा. त्यांची घोडी चांदणी; माळेगावच्या जत्रेतून आणलेली, पांढरीशुभ्र. तिला बांधताना देशमुखांनी अटी सांगितल्या. पाणी रोज सकाळी ते स्वतः वास घेऊन बघणार. चारही खूर उचलून बघणार. चंदीचा, म्हणजे खुराकाचा, हरभरा रात्रभर भिजलेलाच पाहिजे. आणि तिच्या शेजारी दुसरं जनावर बांधायचं नाही, म्हणून कोपऱ्यातलं ठाण.

"आन् तिकडं पिछाडीला कोनी फिरकता कामा नये. समजलं का?"

"हो, सरकार."

आश्रुबाला मनातून वाटलं, हा घोडीचा नाही, देशमुखीचा तोरा आहे. हिच्या शेजारी उभं राहण्याइतका कुळवान घोडा यांना निजामाच्या राज्यात दिसत नसावा. पण असं वाटणं वेगळं आणि बोलणं वेगळं.

दुसऱ्या भिवराबाई. पाटोद्याच्या अंगाच्या. नवरा वारला आणि दिरांनी वाटणी अडवली, म्हणून पन्नाशीच्या या बाईनं दावा लावला होता आणि तारखेला ती स्वतः येत होती. ती येई बैलगाडीतून. पण गाडीमागं नवऱ्याचा घोडा बांधलेला असे. घरी ठेवला तर दीर त्याला उपाशी मारतील, असं तिचं म्हणणं. घोड्याचं नाव सरदार. वय एकोणीस. भीमथडीचा ठेंगणा, तपकिरी घोडा, खालचा ओठ लोंबलेला. भिवराबाई त्याच्याशी अहो-जाहोनं बोलत, कारण नवऱ्याच्या वाहनाला अरे-तुरे कसं करायचं?

"आमचे मालक जित्ते असताना सरदार त्याच कोपऱ्यात उभे ऱ्हायचे," त्या म्हणाल्या. "त्यांना तितंच करमतंय. दुसरीकडं बांधलं तर पानी पेत न्हाईत."

"हो, बाई."

एरवी दोघांच्या तारखा वेगळ्या पडत. पण त्या चैत्रात दोघं एकाच आठवड्यात आले. शहाणा माणूस असता तर त्यानं दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं असतं, की ठाण एक आहे आणि जनावरं दोन आहेत. आश्रुबानं काय केलं? त्यानं निरखून पाहिलं, की देशमुख येतात सकाळी, अदालत भरायच्या आधी. भिवराबाई येतात तिसऱ्या प्रहरी, अदालत सुटल्यावर. मग झालं तर! सकाळी कोपऱ्यात चांदणी, दुपारनंतर कोपऱ्यात सरदार. मधल्या वेळात अदलाबदल. आपल्या डोक्यातून एवढी हुशार गोष्ट निघाली, याचंच त्याला इतकं कौतुक वाटलं की त्यानं ती केशरबाईला दोनदा सांगितली.

"आन् एकांदे दिवशी दोघं संगंच आले म्हंजी?"

"न्हाई येत."

"कावून न्हाई येत?"

आश्रुबा शेण भरायला गेला.

पाच दिवस सुरळीत गेले. त्यात एक जुम्मा आला, म्हणजे शुक्रवार, अदालतीच्या सुट्टीचा. त्या दिवशी देशमुख पाहुण्यांकडे जेवायला गेले आणि भिवराबाई कंकालेश्वराच्या दर्शनाला. सहाव्या दिवशी दुपारी आश्रुबानं चांदणीला कोपऱ्यातून सोडलं आणि दुसऱ्या हातानं सरदारला धरून आणलं. घोडी माजावर आली होती, हे त्याच्या लक्षात यायला पाहिजे होतं. सकाळपासून ती कान टवकारून शेपूट वर करत होती. ज्या माणसाला घोड्याचा दुखरा खूर लांबून कळतो, त्याला हे कळू नये? पण त्याचं डोकं अदलाबदलीच्या हुशारीत गुंतलेलं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली, "आश्रुबा, हाईस का बे?"

"हो, आलो!" म्हणत त्यानं दोन्ही दोर एकाच खुंट्याला अडकवले आणि तो दाराशी गेला. हाक मारणारा नुसता वेस कुठली ते विचारत होता. आश्रुबानं त्याला वेस दाखवली, वेशीपलीकडचा रस्ता दाखवला, आणि त्यानं न विचारता धर्मशाळाही सांगितली. परत येऊन बघतो, तर एकोणीस वर्षांच्या सरदारनं जे करायचं ते करून टाकलं होतं आणि तो निंबाखाली डोळे मिटून उभा होता. चांदणी शांतपणे त्याच्या पुढ्यातला कडबा खात होती.

आश्रुबा हौदाच्या काठावर बसला. केशरबाई सूप घेऊन बाहेर आली, तिनं घोड्याकडं पाहिलं, घोडीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि सगळं समजली.

"आता?"

"कुनी बघितलं न्हाई," आश्रुबा म्हणाला.

"म्या बघितलं."

तिसऱ्या प्रहरी भिवराबाई आल्या. सरदारच्या मानेवरून हात फिरवत म्हणाल्या, "आज थकल्यावानी दिसतेत."

"ऊन लई हाय, बाई," आश्रुबा म्हणाला. ऊन होतंच, म्हणून ते वाक्य अर्धं तरी खरं होतं.

पुढचे पाच महिने आश्रुबानं स्वतःची समजूत घालण्यात काढले. म्हाताऱ्या घोड्याचं बीज, ते लागतंय कशाला. घोडी काय दर वेळेला गाभण राहते? आणि राहिलीच, तर तेलगावला का घोडे नाहीत? रोज एक नवं कारण तो शोधून काढी आणि रोज संध्याकाळपर्यंत ते विटून जाई. जेवण कमी झालं. केशरबाई म्हणाली, "घोडी गाभण, आन् डोहाळे तुमाला."

भाद्रपदात देशमुख तारखेला आले. चांदणीचं अंग भरलं होतं, केस चमकत होते. देशमुखांच्या भुवया प्रथमच जरा सैल दिसल्या.

"बघ, कशी झाली. म्या सोता खुराक बघतो तिचा. औंदा तिला काठेवाडी घोडा दावायचा ठरिवलाय. दर साली ठरिवतो आन् ऱ्हाऊन जातं. मागच्या म्हैन्यात नेलीती, तर त्या घोड्याला जवळ येऊ देती का! लाथा झाडल्या."

आश्रुबानं चांदणीच्या पोटाखालून हात फिरवला. हाताला जे कळायचं ते कळलं. त्यानं वर पाहिलं तर केशरबाई समोर दारात उभी. ती तिथून हलली नाही.

"सरकार," आश्रुबा म्हणाला, "घोडीची तब्येत लई चांगली हाय."

"तेच म्हनतोय म्या."

"तर... ते काठेवाडीचं... त्याची घाई करू नका."

"कावून?"

"जनावर म्हंजी सरकार, शेवटी जनावरच. त्याला वेळ-काळ कळत न्हाई. आता म्या तरी कुटंवर लक्ष..."

"आश्रुबा, काय म्हनायचंय ते म्हन."

"घाई करू नका, कारन काम झालेलं हाय."

"कुनाचं काम?"

"घोडीचं."

देशमुखांनी घोडीच्या पोटाकडं पाहिलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कोन्च्या घोड्याचं?"

आश्रुबानं बोट वर केलं. भिवराबाईंचीही तारीख त्याच आठवड्यात होती. बोटाच्या टोकाला सरदार उभा होता. ओठ लोंबलेला, नाकावर माशी बसलेली आणि ती हाकलायचाही कंटाळा केलेला.

"ह्या? ह्या म्हाताऱ्या तट्टानं?"

"तट्टू कोनाला म्हन्ता?" दारातून आवाज आला. भिवराबाई त्या दिवशी वकिलाला भेटून लवकरच आल्या होत्या. डोईवरचा पदर सारखा करत त्या अंगणात आल्या. "भीमथडीचं हाड हाय ते! आमच्या मालकांनी ह्यांच्यावर बसून एका दिवसात नगर गाठलंतं. काय झालं? काय केलं ह्यांनी?"

काय केलं ते त्यांना सांगण्यात आलं. बाईंनी सरदारकडं वळून पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही अभिमान उमटला, की जणू घरात नातू झाल्याची बातमी आली असावी.

"ह्या वयात!" त्या सरदारला म्हणाल्या.

"बाई, ही हसायची गोष्ट न्हाई," देशमुख कडाडले.

"तुमच्या घोडीची काय तक्रार हाय का? तिची न्हाई, मग तुमची कावून?"

"पर माजी घोडी कोपऱ्यात एकटी असताना हा घोडा तितं आला कसा? ते ठाण माज्या घोडीचं हाय!"

"तुमच्या घोडीचं? आमच्या मालकांपासून ते सरदारांचं हाय!"

मग दोघांनीही बोलणं थांबवलं आणि दोघंही आश्रुबाकडं वळले. सीतेला पोटात घेणारी धरणी आश्रुबासाठी काही फाटेना. तिलाही माणसांची पारख असणार. त्यानं मुंडी खाली घातली आणि सगळं सांगितलं. सकाळ-दुपारची अदलाबदल, एक खुंटा, वेस विचारणारा माणूस. काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं जे होतं ते पाच महिन्यांत आपोआप वाढून दिसायला लागलं होतं.

देशमुखांनी हातातला चाबूक दोनदा उचलला आणि दोनदा खाली केला. शेवटी म्हणाले, "माघ सरला की माज्या गावाला यायचं. घोडी विऊन मोकळी होईस्तोवर तितंच ऱ्हायचं. तिला काय झालं, तर..."

वाक्य अर्धं टाकून ते चांदणीकडं वळले.

"हो, सरकार," आश्रुबा म्हणाला. केशरबाईनं या खेपेला कपाळाला हात लावला नाही.

फाल्गुनाच्या सुरुवातीला आश्रुबा कापसाच्या रिकाम्या गाड्यांबरोबर तेलगावच्या वाटेला लागला. तबेला केशरबाईच्या हवाली. निघताना त्यानं तिला गिऱ्हाइकांच्या सगळ्या अटी सांगायला सुरुवात केली, चौथ्या अटीला ती म्हणाली, "गाड्या निघाल्या, जा."

देशमुखांच्या गोठ्यात त्याला एक बाज मिळाली. घरगडी रामहरी त्याला भाकरी आणून देई. पहिल्या दोन दिवसांत आश्रुबाच्या लक्षात आलं, की देशमुख इथंही तसेच. पाण्याचा वास, चारही खूर, हरभरा दातानं फोडून बघणं. दिवसातून सहा-सात वेळा येत, आणि येऊन आश्रुबाशी न बोलता परत जात.

"तुमचे मालक जरा जास्तच हाएत," तो रामहरीला म्हणाला.

रामहरीनं भाकरी खाली ठेवली. "ह्या घोडीच्या आदी एक होती. हिरा नावाची. मालकांनी सोता वाढिवलेली. सात वर्सं झाली, अदालतीच्या कामाला गेलते, तवा परगावी एका वाड्यात बांधलीती. दिवस भरत आलेते तिचे. मालकांनी सांगितलंतं, लक्ष ठेवा, पानी चांगलं द्या, दुसरं जनावर जवळ बांधू नका. तितली मानसं म्हनली, हो हो. मालक अदालतीतून आले तर ती मरून पडलीती. शेजारच्या घोड्यानं लाथ घातलीती पोटात. कोनाचं लक्षच न्हाई."

आश्रुबानं भाकरीचा तुकडा मोडला होता, तो तसाच हातात राहिला. शेजारी दुसरं जनावर नको! त्यात देशमुखीचा तोरा नव्हता. त्यात हिरा होती. या माणसाच्या अटींना आपण चार वर्षं 'हो' म्हणतोय. एकदाही 'कावून' म्हटलं नाही. विचारलं असतं तर 'हो' म्हणायची गरजही पडली नसती. आपणच मनापासून जपलं असतं. आपण चांगले, सगळ्यांचं ऐकतो, असं आपल्याला वाटत आलं. खरं तर आपण कुणाचंच ऐकत नव्हतो. 'हो' म्हटलं, की समोरचा बोलायचा थांबतो, एवढ्यासाठीच आपला 'हो' होता.

"दुसऱ्याचं ऐकू येऊ नये म्हनून लोक कानात बोळे घालत्यात," तो पुढं सांगताना म्हणायचा. "म्या 'हो' घातलेला."

अठराव्या दिवशी, सूर्य नुकताच वर आलेला असताना, चांदणी खाली बसली. आश्रुबानं एकदा हात लावून पाहिलं. शिंगराचा एकच पाय पुढं आला होता, दुसरा आत मुडपलेला. देशमुख धावत आले. धोतराचा सोगा सुटलेला, डोकं उघडं. त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. गरम पाणी आणा, हिला उभी करा, नको बसवा, ओढ त्याला, ओढू नको.

"सरकार, गप बसा!"

रामहरी हातातली घागर घेऊन तसाच उभा.

"हिकडचं म्या बघतो. तुमी तिच्या तोंडापाशी बसा. तिचं डोकं मांडीवर घ्या आन् हात फिरवा. दुसरं काय बी करायचं न्हाई."

देशमुख बसले. घोडीचं डोकं मांडीवर घेतलं. बघणाऱ्याला वाटावं, घोडीच त्यांना धीर देते आहे. आश्रुबानं कोपरापर्यंत हाताला तेल चोपडलं, कळ येऊन गेली की शिंगरू थोडं मागं सारायचं, परत कळ आली की थांबायचं, असं करत करत मुडपलेला पाय चिमटीत धरला, खूर तळहातात झाकला आणि सरळ केला. मग पुढच्या दोन कळांत शिंगरू बाहेर आलं. ओलं, तपकिरी, लांब पायांचं. चांदणीनं मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली.

आश्रुबा घामानं निथळत भिंतीला टेकला. आपण देशमुखांना काय बोललो ते त्याला तेव्हा आठवलं. पण देशमुखांचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. ते शिंगराकडं टक लावून बघत होते.

"ओठ बघ त्याचा," ते म्हणाले.

शिंगराचा खालचा ओठ लोंबत होता.

"म्हाताऱ्यावर गेलंय," देशमुख म्हणाले, आणि हसले. चार वर्षांत आश्रुबानं ते हसणं पहिल्यांदा ऐकलं. कोरड्या विहिरीत पहिली बादली आपटावी तसं ते वाजलं. मग त्यांनी रामहरीला सांगितलं, की पाटोद्याकडं माणूस पाठव. भिवराबाईंना निरोप दे, मायलेकरू सुखरूप हाएत. थोडं थांबून म्हणाले, "गूळ बी दे संगं. सरदारांसाठी."

आश्रुबा बीडला परतला तो मनाशी विचार करत, की तबेल्याची काय दैना झाली असेल आणि ती कशी निस्तरायची. दारात आला तर अंगण झाडलेलं, बाराही ठाणं भरलेली, आणि सगळ्या घोड्यांची तोंडं गव्हाणीकडं. केशरबाई एका पागोटेवाल्याशी बोलत होती.

"न्हाई," ती म्हणत होती. "घोड्याला कोमट पान्यानं अंघूळ हितं घालत न्हाईत. थंड पान्यानं पाय धुऊन देऊ. कोपऱ्यातलं ठाण आजारी जनावराला हाय. तुमचं आजारी हाय का?"

"न्हाई, पर मी आश्रुबाला ओळखतो. तो हो म्हनंल."

"म्हनूनच त्यांना गावाला धाडलंय."

पागोटेवाला बडबडत बाहेर पडला, वेशीपर्यंत गेला, आणि घोडा घेऊन परत आला. दाखवलेल्या ठाणावर बांधला. आश्रुबा हे सगळं कडब्याच्या गंजीआडून बघत होता. पुढं यायचं धाडस झालं नाही.

"लोक रागावले न्हाईत?" त्यानं नंतर विचारलं.

"रागावले."

"मग?"

"मग बांधून गेले."

तबेला काढल्यापासून बारा वर्षं ज्या गोष्टीला तो भ्याला, ती एवढीशीच निघाली. 'न्हाई' म्हटलं की लोक रागावतात, आणि मग घोडा बांधून जातात. आश्रुबाला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण आपल्यावाचून तबेला अडला असता तर बरं वाटलं असतं, असंही एक मन म्हणत होतं, आणि त्या मनाची त्याला लाजही वाटली नि हसूही आलं. त्या दिवसापासून दोघांनी कामं वाटून घेतली. चार पायांवर येणारं आश्रुबाकडं, दोन पायांवर येणारं केशरबाईकडं.

देशमुखांचा दावा आणखी चार वर्षं चालला. तोपर्यंत सरदार गेले होते, आणि त्यांचं शिंगरू चांगलं दणकट घोडं झालं होतं. भिवराबाई त्याला बघायला येत आणि देशमुखांना त्याच्याशी नीट बोलायला सांगत. देशमुख ऐकून घेत. मग एका आश्विनात निकाल लागला.

त्या दिवशी देशमुख दुपारीच तबेल्यात आले. दावा हरले होते. ओढ्याकाठची जमीन चुलतभावांकडं गेली होती. हे आश्रुबाला सांगायला लागलं नाही. ते हौदाच्या काठावर बसले. पाण्याचा वास घेतला नाही. खूर उचलले नाहीत. तोबऱ्यात हात घालून हरभरा बघितला नाही. नुसते चांदणीच्या पायांकडं बघत राहिले. किती तरी वेळ.

देशमुखांचा आरडाओरडा आश्रुबानं पुष्कळ ऐकला होता, त्याची त्याला सवय होती. हे गप्प बसणं मात्र त्याला बघवेना. तो खरारा हातात घेऊन त्यांच्याजवळ गेला, घुटमळला, घसा खाकरला.

"सरकार, एक चूक झाली."

देशमुखांनी मान वर केली नाही.

"चांदणीला सकाळची चंदी म्या अर्धीच टाकली."

भुवया किंचित हलल्या. "काय म्हनलास?"

"आन् हरभरा बी भिजिवला न्हाई. कोरडाच टाकला."

देशमुख उठले. आधी आवाज घोगरा होता, मग मोकळा झाला, मग माळीवेशीपर्यंत ऐकू जायला लागला. कोरडा हरभरा! म्हातारपनी घोडीला पोटशूळ करून मारतोस का बे? तुला जागीरदारानं कसा ठेवला, तू माणूस हाईस का खुंटा? आश्रुबा मान खाली घालून उभा होता. देशमुखांनी चारही खूर उचलून बघितले, चांदणीचे आणि सोबत आणलेल्या तिच्या लेकराचे. पाण्याचा वास घेतला. खोगीर स्वतः आवळलं, तंग दोनदा तपासला. चेहऱ्यावर जरा रंग आला होता. चांदणीवर बसले, तरुण घोडा मागं बांधून घेतला आणि निघाले.

केशरबाई दाराशी येऊन उभी राहिली होती.

"हरभरा म्या सोता भिजिवलाता," ती म्हणाली. "चंदी बी म्याच टाकलीती. पुरी."

"ठाव हाय मला."

रस्त्यावर देशमुख ताठ बसून चालले होते आणि वाकून वाकून घोडीच्या कानाशी काहीतरी बोलत होते.

"काय म्हनायलेत?" केशरबाईनं विचारलं.

"शिव्या द्यायलेत मला," आश्रुबा म्हणाला, आणि झाडू घेऊन रिकाम्या ठाणाकडं गेला.